प्रयोगवही कोणाची?

माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे विज्ञान शिकवले. हजारो प्रयोगवह्या तपासल्या असतील, पण त्यांतली एक वही आजही मला स्वस्थ बसू देत नाही. नववीच्या वर्गात एक जन्मांध मुलगा होता. काच फुटेल, आम्ल सांडेल, हात भाजेल या भीतीने मी त्याला प्रयोगाच्या तासाला खिडकीजवळच्या बाकावर बसवून ठेवत असे. वर्षअखेरीस त्याची वही शेजारच्या मुलाने लिहून काढली. मी ती तपासली, सही केली आणि वीसपैकी अठरा गुण दिले. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे सारे त्या वहीत होते. निरीक्षण मात्र त्याचे एकही नव्हते. वडिलांनी येऊन हात जोडले, सहकाऱ्यांनी कौतुक केले आणि मलाही आपण एक पुण्यकर्म केल्यासारखे वाटले.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाशिंद स्टेशनच्या जिन्यावर त्याने मला आवाजावरून ओळखले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. कसारा लोकलची घोषणा झाली तेव्हा त्याने सहज विचारले, "सर, विज्ञानात मला अठरा गुण होते. पण लिटमस म्हणजे नक्की काय असतं हो? कागद असतो की पाणी?"

गाडी आली आणि तो गेला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझ्या निवृत्तीनंतरची वर्षे गेली आहेत. वाशिंदला माझ्या घराच्या पडवीत दर रविवारी काही मुले येतात. कुणी अंध, कुणी कर्णबधिर, कुणी बौद्धिकदृष्ट्या मागे राहिलेले, आणि त्यांच्यासोबत त्यांची धडधाकट भावंडेही. शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांवरच्या काही शाळांतही मी पिशवीभर साहित्य घेऊन जातो. या लेखात मांडले आहे ते वाचनातून आणि या पडवीतून हाती लागलेले.

आधी 'सूट' या शब्दाविषयी. विशेष गरजा असलेल्या मुलांना अवघड विषयांतून सूट द्यावी ही आपल्याकडची रुळलेली भूतदया आहे, आणि सर्वांत आधी सूट मिळते ती गणित-विज्ञानातून. प्रत्यक्षात 'दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016' वाचला तर वेगळेच दिसते. या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्याच्या सतराव्या कलमात परीक्षेतल्या सवलती सांगितल्या आहेत: जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. उदाहरण म्हणून सूट सांगितली आहे ती भाषांतून. विज्ञानाचे नाव तिथे नाही. ते आपण आपल्या मनाने जोडले.

ही सवय फक्त आपलीच नाही. अमेरिकेत अब्राहम नेमेथ या अंध तरुणाला गणिताची ओढ होती. वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला की आंधळ्याने गणित काय करायचे, मानसशास्त्र घे. त्याने ते घेतले, त्यात पदवी मिळवली, आणि मग गणिताकडे परतला. वर्ग, घातांक, अपूर्णांक ब्रेलमध्ये लिहायला सोयीची पद्धत नाही असे दिसल्यावर त्याने ती स्वतःच तयार केली. 1952 साली प्रसिद्ध झालेली ही 'नेमेथ संकेतप्रणाली' पुढे देशोदेशी गेली. आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल ठरली ती त्याच सुमारास, 1951 मध्ये.

आपल्याकडची उदाहरणे तर अलीकडची आहेत. दिल्लीच्या कार्तिक साहनी या अंध विद्यार्थ्याला अकरावीला विज्ञान शाखा मिळावी म्हणून केंद्रीय मंडळाकडे पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. 2013 मध्ये तो नव्वदाहून अधिक टक्के मिळवून बारावी झाला. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत मात्र त्याची सोय होईना, म्हणून तो थेट अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गेला. मुंबईच्या कृतिका पुरोहितला फिजिओथेरपी शिकायची होती. त्यासाठी तिला 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्या विद्येचा सारा भर बोटांच्या स्पर्शावर, तिच्या दारात डोळे मागितले गेले. अशा मुलांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले दृष्टिहीनांसाठीचे केंद्र 2003 पासून करत आले आहे.

पण न्यायालयाने दार उघडले तरी आत गेल्यावर प्रयोग करायचा कसा? खरा प्रश्न तो आहे, आणि त्याचे उत्तर मला वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले.

कोणत्याही प्रयोगाचे दोन भाग असतात. एक, आपण निसर्गाला विचारलेला प्रश्न. दुसरा, निसर्गाचे उत्तर ज्या वाटेने आपल्यापर्यंत येते ती वाट. पाठ्यपुस्तकातली वाट बहुतेक वेळा डोळ्यांची असते: रंग बदलला, काटा हलला, दिवा लागला. ती केवळ सवयीने पडलेली आहे. प्रश्न तोच ठेवून वाट बदलता येते. त्याने विज्ञान सोपे होत नाही की पातळ होत नाही.

लिटमसचेच घ्या. द्रावण आम्ल आहे की आम्लारी, हा प्रश्न. लिटमस त्याचे उत्तर रंगाने देतो. पण केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातच गंधदर्शक दिलेले आहेत: कांदा, व्हॅनिला, लवंगेचे तेल. कांदा बारीक चिरून त्यात फडक्याच्या पट्ट्या रात्रभर ठेवायच्या. सकाळी एका पट्टीवर सौम्य आम्ल टाकले तर कांद्याचा वास राहतो. दुसरीवर सोडियम हायड्रॉक्साइडचे अगदी सौम्य द्रावण टाकले तर वास जातो. द्रावण मी टाकतो, पट्टी पाण्यात खळबळून देतो आणि मुले हुंगून सांगतात. मी ते पान वर्षानुवर्षे शिकवले होते, 'हेही लक्षात ठेवा' एवढे म्हणून. खिडकीजवळ बसलेल्या मुलासाठी सबंध धड्यात तेवढी एकच जागा होती, आणि ती मी ओलांडून गेलो.

दुसरे उदाहरण अभियांत्रिकीचे. अरविंद गुप्ता हे कानपूर आयआयटीतून शिकलेले अभियंते. पुण्याच्या टेल्कोत नोकरी करत असताना 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करण्याची युक्ती काढली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊतून शेकडो खेळणी केली. ही युक्ती त्यांनी सर्वच मुलांसाठी केली होती, पण आंधळ्या मुलाच्या हातात ती दिली की तिचे मोल कळते. चार काड्यांचा चौकोन चिमटीत धरून दाबला की तो कलंडतो, समभुज चौकोन होतो, पार आडवा पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहा, तो हलत नाही. चौकोनाला कर्ण जोडला की तोही ताठ होतो. रेल्वेच्या लोखंडी पुलांत त्रिकोणांची रांग का असते, याचे उत्तर डोळ्यांना फळ्यावरच्या चित्रात दिसत नाही. ते बोटांना कळते. पडवीत हा प्रयोग चालला असताना डोळस भावंडे डोळे मिटून काड्या दाबू लागली. त्यांना मी तसे सांगितले नव्हते.

कर्णबधिर मुलांची अडचण निराळी. प्रयोग त्यांना दिसतो, पण त्याला नाव नसते. बल, दाब, शक्ती, ऊर्जा या चारही शब्दांना घरगुती खुणांच्या भाषेत बहुधा एकच खूण, आवळलेली मूठ. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने केलेल्या कोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द आले, ही मोठी गोष्ट आहे. पण पाड्यावरच्या शिक्षकाला तो कोश माहीत नसला तर मुलापर्यंत मूठच पोचते. मी दोन इंजेक्शनच्या सिरिंज घेतो, एक बारीक आणि एक जाड. दोन्ही पाण्याने भरून सलाइनच्या नळीने जोडतो, सुया अर्थातच काढून. बारीक सिरिंज घरातल्या सर्वांत लहान मुलीच्या हाती देतो, जाड तिच्या दादाच्या. दोघांनी दट्ट्या दाबायचा. लहानगी जिंकते. पाण्यातला दाब सगळीकडे सारखा असतो, पण जाड दट्ट्याचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून तिथे बल जास्त पडते. जेसीबीचा हात याच तत्त्वावर चालतो. हा सामना हरल्यावर एका कर्णबधिर दादाने 'दाब' आणि 'बल' यांसाठी आपल्या मनाने दोन वेगळ्या खुणा केल्या. आमच्या पडवीत त्या अजून चालू आहेत.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांविषयी लोक विचारतात, "यांना कसलं हो इंजिनिअरिंग?" दिवाळीत विशेष मुलांच्या शाळांच्या पणत्या आपण विकत घेतो. कौतुकाने घेतो, थोड्या करुणेनेही. त्या पणत्या खोक्यात भरल्या कशा जातात ते एकदा पाहावे. ज्याला दहापर्यंत मोजता येत नाही त्याच्यापुढे दहा खळगे असलेली फळी ठेवतात. प्रत्येक खळग्यात एक पणती बसली की खोके भरले. कारखान्यात याला जिग म्हणतात. कुशल कामगारसुद्धा प्रत्येक भोक मोजून पाडत नाही, जिग लावून पाडतो. मोजणे माणसाच्या डोक्यातून साधनात नेऊन ठेवायचे, ही अभियांत्रिकीतली फार जुनी कल्पना आहे. आमच्याकडच्या एका मुलाने एकदा फळीवर पणत्या उलट्या लावून पाहिल्या. उलट्या पणत्या खळग्यात घट्ट बसतात, हिंदकळत नाहीत. आता आम्ही तशाच ठेवतो. साधनात सुधारणा करणारा तो अभियंताच, फक्त त्याला तो शब्द माहीत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर. हिंदुस्तान लीव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून ते तिथे गेले. शाळेतून गळलेल्या मुलांना वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी करता करता विज्ञान शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर जी पहिली 'फॅब लॅब' उभारली ती 2002 मध्ये या पाबळला. पाबळ काही दिव्यांगांसाठी काढलेले नाही. पण शाळेने नापास ठरवलेल्या मुलाच्या हातांवर भरवसा ठेवायचा, हा धडा मी तिथूनच घेतला.

आता आमच्या पडवीतला सर्वांत लाडका प्रकल्प. अंध माणसाने पेल्यात पाणी ओतताना तो भरला हे कसे ओळखावे? बहुतेक जण कडेला बोट बुडवतात. गरम चहा असेल तर बोट भाजते. यावर साधे यंत्र करता येते: नऊ व्होल्टची बॅटरी, एक बझर, एक रोधक, बीसी 547 हा ट्रान्झिस्टर आणि पेल्याच्या कडेला अडकवायच्या दोन तारा. पाणी तारांपर्यंत चढले की बझर वाजतो.

यात घडते काय? नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, म्हणून त्यातून वीज वाहते, पण अगदी क्षीण. तेवढ्याने बझर नीट वाजणार नाही. ट्रान्झिस्टरचे काम इथे सुरू होते. मुलांना मी भातसा धरणाचा दाखला देतो. दरवाजा उचलणारी मोटर छोटी असते, पण दरवाजा उघडला की केवढा लोंढा बाहेर पडतो! पाण्यातून आलेला क्षीण प्रवाह ही ती मोटर. ती दार उघडते आणि बॅटरीचा शंभर पटींहून मोठा प्रवाह बझरमधून धावतो. बझरच्या जागी जुन्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर लावली की हेच यंत्र ऐकू न येणाऱ्यालाही चालते. प्रश्न तोच, वाट बदलली.

गेल्या पावसाळ्यात एका अकरा वर्षांच्या अंध मुलाने हे यंत्र स्वतः जोडले. डाग देण्याचे काम माझे, बाकी सारे त्याचे. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू बोटाने ओळखून तिन्ही पाय तो बिनचूक लावतो. यंत्र वाजल्यावर मला वाटले, प्रकल्प संपला. तो म्हणाला, "सर, मीठ टाकू?" मीठ टाकल्यावर आवाज खणखणीत झाला. इन्व्हर्टरमध्ये घालायचे शुद्ध पाणी आणले, त्यात जवळजवळ काहीच ऐकू येईना. मग तो पागोळीखाली पेला धरून बसला. पावसाच्या पाण्यात क्षार फार थोडे, तेव्हा बझर गप्प राहील असे मी त्याला आधीच सांगून ठेवले होते. पेला भरला आणि बझर वाजला. बारीक आवाजात, पण वाजला.

मी म्हणालो, कौलांवरची धूळ धुऊन आली असेल. तो थोडा वेळ पागोळीचा आवाज ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हा आवाज पाण्याचा की कौलांचा? कौलं धुऊन निघाल्यावर परत धरू."

तासाभराने आम्ही परत पेला धरला. या वेळी बझर जेमतेम कुरकुरला. ते निरीक्षण त्याने ब्रेलमध्ये टोचून ठेवले आहे. वहीवर मी सही केलेली नाही. त्याने मागितलीही नाही.