रक्ताला मानवणारा कोळसा

पाणी निर्मळ करण्यासाठी माणूस फार पूर्वीपासून कोळशाचा उपयोग करीत आला आहे. परंतु रुग्णाच्या रक्तातील विष कोळशाने टिपून घेता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला एक महत्त्वाचा धडा मिळाला.

नारळाच्या करवंटीसारख्या पदार्थांपासून तयार होणाऱ्या सक्रिय कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. अवघ्या एक ग्रॅम कोळशाचा पृष्ठभाग, ही छिद्रे धरून, सुमारे १००० चौरस मीटर भरू शकतो. त्यावर विषारी रेणू चिकटून राहतात. या गुणाचा उपयोग करून ग्रीसमधील डॉ. यात्झिडिस यांनी १९६४ मध्ये कोळशाने भरलेल्या नळकांड्यातून रक्त फिरविण्याची पद्धत मांडली. विषारी द्रव्ये घटली. परंतु रक्त गोठण्यास आवश्यक असणाऱ्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, कोळशावर अडकून कमी होऊ लागल्या. कोळशाची बारीक भुकटी रक्ताबरोबर शरीरात जाण्याचा धोकाही होता. उपाय गुणकारी होता, पण रक्ताला तो मानवत नव्हता.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या डॉ. थॉमस चँग यांनी यावर तोड काढली. १९५७ मध्ये, विद्यार्थिदशेतच, त्यांनी पातळ पडद्याच्या कृत्रिम पेशी बनविल्या होत्या. तीच कल्पना त्यांनी येथे वापरली. कोळशाच्या कणांवर कोलोडियनचा अतिशय पातळ थर देऊन त्यावर अल्ब्युमिनचा लेप चढविला. अल्ब्युमिन हे रक्तातीलच प्रथिन असल्याने रक्ताला हा पृष्ठभाग तितका परका वाटत नाही. लहान विषारी रेणू पडद्यातून आत शिरतात, रक्तपेशी बाहेरच राहतात आणि भुकटीही अडून राहते. १९७० च्या सुमारास हा लेपित कोळसा रुग्णांसाठी वापरला जाऊ लागला.

बाहेरचा पदार्थ शरीराला असा मानवणे, यालाच जैवसुसंगती म्हणतात. ती साधणे सोपे नाही. लेप जाड झाला तर विष कोळशापर्यंत पोहोचण्यास विलंब लागतो आणि विषबाधा झालेल्या रुग्णाजवळ वेळच थोडा असतो.

लेपित कोळसा डायलिसिसची जागा घेऊ शकत नाही. युरिया आणि शरीरातील जादा पाणी काढून टाकणे त्याला साधत नाही. उपचाराच्या वेळी बिंबिकांवर लक्ष ठेवावेच लागते. तथापि काही औषधांच्या विषबाधेत ही पद्धत आजही उपयोगी पडते. विष टिपण्याची शक्ती कोळशात पूर्वीपासूनच होती; रुग्णाला तिचा निर्धोक लाभ मिळू लागला, तो या पातळ लेपामुळे.