पिसाच्या प्रश्नावलीत जात नाही

आपल्या वऱ्हाडातल्या जिल्हा परिषद शाळांत काही वर्षांनी एकदा सरकारी सर्वेक्षणाची प्रश्नपत्रिका येते. काही निवडक शाळांतली निवडक मुले ती सोडवतात. गुण ना मुलाला कळतात, ना मायबापाला. पण त्यावर धोरण ठरते, म्हणून आपल्याला हा प्रकार समजायला हवा.

या सगळ्याचा नमुना म्हणजे ‘पिसा’. ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना २००० पासून १५ वर्षांच्या मुलांचे वाचन, गणित आणि विज्ञान तपासते. २००९ च्या फेरीत भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. ७४ सहभागींत दोघेही तळाशी. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराचे नाहीत, असे सांगून केंद्र सरकार बाजूला झाले. २०१९ मध्ये पुन्हा करार झाला, तो केंद्रीय विद्यालये, नवोदय आणि चंडीगडपुरता! शेवटी २०२२ च्या फेरीतही भारत नव्हताच.

परीक्षा टळली, पण ‘आंतरराष्ट्रीय दर्जा’ हा शब्द राहिला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये मोजक्या शाळांसाठी आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले आणि २०२० मध्ये गुंडाळले. त्याच सुमारास, डिसेंबर २०१७ मध्ये, दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. कारण सांगितले गुणवत्तेचे.

पिसा मुलाला आईवडिलांचे शिक्षण, काम, घरातली पुस्तके विचारते. जात विचारत नाही. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात नेमके हेच उलट केले होते. सरकारच्याच आकड्यांतून समाजगटानुसार तुलना मांडून, लोकसंख्येत दुसरा असलेला मागास वर्ग शिक्षणात शेवटी आहे, हे त्यांनी दाखवले. शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोचतात, हेही सांगितले.

आज तसा आकडा थोडाफार मिळतो. नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाच्या जिल्हानिहाय अहवालांत सामाजिक गटानुसार कामगिरी दिलेली आहे. आपली बौद्ध मुले त्यात अनुसूचित जातीत धरली जातात, वेगळी दिसत नाहीत. वर्तमानपत्रात मात्र येतो तो फक्त राज्याचा क्रमांक.

अमरावती आणि अकोल्याचे अहवाल उघडा. तिसरी, पाचवी, आठवी, दहावी अशा इयत्तावार अनुसूचित जातीची सरासरी खुल्या गटाशी ताडून पाहा. मेळघाटसाठी अनुसूचित जमातीचा रकाना वाचा. तो कागद घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जा.