शाळा आणि मोबाईल

विद्यार्थ्यांस शाळेत मोबाईल आणू द्यावा काय, हा प्रश्न आज बाळापूर तालुक्यातील खेड्यांपुढेही आहे.

२०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा पाठ मोबाईलवरून पोहोचवावे लागले. ज्या घरचा एकुलता मोबाईल वडिलांबरोबर शेतावर जाई, तेथील मूल पाठास मुकले. विद्यार्थ्याने स्वतःचा मोबाईल आणावयाचा, असे ठरल्यास हाच भेद वर्गात शिरेल. म्हणून प्राथमिक शाळेत विद्यार्थ्याजवळ मोबाईल नसावा, हेच युक्त होय.

याचा अर्थ साधनच टाकून द्यावे, असा नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. शिक्षकाचा एक मोबाईल नीट योजिल्यास साऱ्या वर्गास उपयोगी पडतो.

घरच्या वापराचे काय? यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ साली अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे निराळा उपाय योजिला गेला. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजे आणि दीड तास लहानथोर सर्वांनी मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवावयाची. वडगावच्या नियमात वडीलधारेही बांधले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शिक्षकबंधुभगिनींनी पालकसभेत अशी वेळ ठरवून घ्यावी आणि वर्गात स्वतःचा मोबाईल पाठापुरताच बाहेर काढावा. मूल सांगितलेले विसरते, पाहिलेले विसरत नाही.