विश्लेषण : शिडाच्या नौकेत संसार करणारे जोडपे निर्मळजवळ नांगर टाकू शकेल का?

घर विकायचे, चाळीस फुटी शिडाची नौका घ्यायची आणि नवरा-बायकोने तिच्यातच संसार मांडून बंदरामागून बंदर करत फिरायचे. अशा जोडप्यांचे यूट्यूबवरचे व्हिडीओ आपल्याकडेही आवडीने पाहिले जातात. नौकेवरच राहणाऱ्या या मंडळींना ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. त्यांच्या कथेत एक टप्पा हमखास येतो. कुठले तरी लहानसे बंदर आवडते, चार दिवसांसाठी टाकलेला नांगर चार महिने निघत नाही, बाजारातले लोक नावाने हाक मारू लागतात आणि समुद्रावरचे जोडपे हळूहळू गावचे होते.

हेच जोडपे उद्या वसई तालुक्यातल्या निर्मळच्या किनाऱ्यावर आले तर? ‘येऊ शकणार नाही’ हे थोडक्यात उत्तर. पण त्यामागची कारणे पाहिली तर ती केवळ हौशी पाहुण्यांपुरती उरत नाहीत.

निर्मळचा आणि जहाजांचा संबंध काय?

निर्मळ म्हटले की तळे, शंकराचार्यांचे मंदिर आणि कार्तिकातली जत्रा आठवते. बंदर आठवत नाही. पण शेजारी आहे सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत ‘सुप्पारा’ म्हणून त्याचा उल्लेख आहे. बौद्ध परंपरेतला पूर्ण हा व्यापारीही सोपाऱ्याचाच. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातल्या ‘बुरुड राजाच्या कोटा’चे उत्खनन केले, तेव्हा तिथे स्तूप निघाला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये मिळाला तो भुईगावात, म्हणजे निर्मळच्या अगदी बाजूला. (आठव्या लेखाचा विषय गमतीचा आहे : आधीचे राजे मौजेसाठी विहारयात्रा करत, आपण धर्मयात्रा करतो, असे अशोक त्यात सांगतो.)

शिडाचे जहाज वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालते. इजिप्तकडून येणारी जहाजे जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत आणि परतीचा ईशान्येचा वारा धरेपर्यंत इकडच्या बंदरांत थांबत. या थांबण्यातूनच बाजार, गोदामे, दुरुस्तीची कामे उभी राहतात. लहान बंदरात चार महिने रमणारे आजचे जोडपे हे त्याच जुन्या गरजेचे नवे रूप आहे.

पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि सोपाऱ्याचे महत्त्व ओसरले. व्यापार ठाणे, वसई आणि शेवटी मुंबईकडे सरकला. आज सोपाऱ्याचा स्तूप पाहायला जाणाऱ्याला इथे जहाजे लागत होती, हे सांगावे लागते.

परदेशी जोडपे आले तर पहिली अडचण कोणती?

कागदाची. परदेशी नौकेला भारताच्या किनाऱ्यावर वाटेल तिथे उतरता येत नाही. आधी इमिग्रेशन आणि कस्टमची सोय असलेल्या बंदरात, म्हणजे मुंबई, मुरगाव, कोची अशा ठिकाणी हजर व्हावे लागते. व्हिसा निघण्यापूर्वीच काढलेला हवा. नौका आणि तिच्यातल्या मौल्यवान सामानाची नोंद कस्टमकडे करावी लागते. वसई आणि अर्नाळा महाराष्ट्र सागरी मंडळाच्या लहान बंदरांच्या यादीत आहेत, पण परदेशातून आलेल्यांची नोंद तिथे होत नाही.

नियम जुना आहे, किती जुना ते ‘पेरिप्लस’मध्ये सुप्पाराच्या पाठोपाठच दिसते. कल्याण बंदर एकेकाळी कायदेशीर व्यापारपेठ होते, पण सत्ता बदलल्यावर तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात, असे तो लेखक सांगतो. सध्याच्या भाषेत याला ‘अधिकृत प्रवेश बंदर’ म्हणतात.

दुसरे अडथळे नवे आहेत. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यातले दहशतवादी ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून मुंबईपर्यंत आले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी, मच्छीमारांची ओळखपत्रे, बोटींचे ठरावीक रंग अशी व्यवस्था आली. गावाच्या किनाऱ्यावर अनोळखी शिडाची नौका दिसली, तर स्थानिकांनी पोलिसांना कळवणे हेच आता अपेक्षित आहे. त्यात सॅटेलाइट फोन. भर समुद्रात असे जोडपे हवामानाचा अंदाज आणि मदतीसाठी त्याच्यावर विसंबून असते, पण भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुराया बाळगणे बेकायदा आहे. अनेक परदेशी प्रवाशांना हे अटक झाल्यावरच समजले.

आणि मुक्काम? ई-पर्यटक व्हिसावर बहुतेक देशांच्या नागरिकांना सलग 90 दिवस राहता येते, अमेरिका-ब्रिटनसारख्या काही देशांच्या नागरिकांना 180. पावसाळा जून ते सप्टेंबर असा चार महिन्यांचा. म्हणजे पावसाळा इथे काढायचा ठरवलेल्या नौकेची मुदत अनेकदा वारा बदलण्याआधीच संपते. मग बोट मागे ठेवून विमानाने देशाबाहेर जायचे. पण बोट ठेवायची कुठे?

समजा कागद झाले, पुढे?

मुंबई बंदरातून वसई किनाऱ्यावरून अर्नाळ्यापर्यंतचा सागरी मार्ग साधारण 35 ते 40 सागरी मैलांचा, म्हणजे 65 ते 75 किलोमीटरचा आहे. शिडाची नौका ताशी पाच मैलांनी चालली तर सात-आठ तास. सकाळी निघून उजेडात पोहोचता येईल. खरी परीक्षा पोहोचल्यावर आहे.

चाळीस फुटी शिडाच्या नौकेला तळाखाली जड पाखा असतो, त्याला कील म्हणतात. शिडावर वाऱ्याचा जोर आला तरी नौका उलटत नाही ती याच्यामुळे. पण त्यामुळे तिचा जवळपास दोन मीटर भाग पाण्याखाली असतो. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. ओहोटीलाही तळाखाली थोडे पाणी उरावे म्हणून अडीच मीटर खोली धरली, तर भरतीला तिथे साडेसहा मीटर पाणी असते. नांगराची साखळी नियमाप्रमाणे खोलीच्या पाचपट, म्हणजे 30 मीटरच्या वर सोडावी लागते. भरती-ओहोटीबरोबर नौका त्या साखळीवर फिरते आणि तिच्या लांबीसह 80-90 मीटर व्यासाचे वर्तुळ अडवते. फुटबॉलच्या मैदानाएवढी लांबी, एका जोडप्यासाठी.

कळंब, राजोडी, भुईगावच्या उथळ किनाऱ्याला इतके आडोशाचे खोल पाणी नाही. ओहोटीला पाणी लांब मागे जाते. इथल्या मच्छीमारांच्या बोटी चिखलावर टेकून राहतात आणि पुढच्या भरतीला पुन्हा तरंगतात, कारण त्यांची घडणच तशी आहे. कील असलेली नौका टेकली की आडवी पडते.

मोकळा दिसणारा समुद्र मोकळा नसतो

जरा बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकला तर? तिथेही जागा आधीच कुणाची तरी आहे. वसई-अर्नाळा पट्ट्यात डोल जाळ्याने मासेमारी होते. हे जाळे समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहात उघडे ठेवतात. या जागांना मच्छीमार ‘कव’ म्हणतात. नकाशावर त्या दिसत नाहीत, पण कुठली जागा कुणाची हे गावागावांत परंपरेने ठरलेले असते. या कवींच्या हद्दीवरून वसई, अर्नाळा, उत्तन एका बाजूला आणि सातपाटी, डहाणू दुसऱ्या बाजूला असा वाद अनेक वर्षे चालू आहे. जिथे शेजारच्या तालुक्यातल्या कोळ्यांचे आपसांत जमत नाही, तिथे रात्री शिरलेल्या नौकेने एखादे जाळे कापले तर काय होईल, हे सांगायला नको. नुकसान दोन्हीकडे : जाळे गेले तर कोळ्याचा हंगाम जातो आणि पंख्यात दोर अडकला तर नौका प्रवाहाच्या हवाली.

पावसाळ्याचा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. दोर लावून, गावातल्या माणसांचा जोर लावून हे काम होते. आठ-दहा टनांची कील असलेली नौका अशी ओढता येत नाही. तिला क्रेन आणि उभे राहण्यासाठी आधाराचा सांगाडा लागतो.

मात्र खोल पाण्याचा आडोसा, ओहोटीलाही वापरता येईल असा धक्का, धक्क्यावर गोडे पाणी आणि बोट वर घ्यायची सोय ही यादी वाचून एखादा स्थानिक मच्छीमार म्हणेल, ही तर आमचीच मागणी. अर्नाळा किल्ल्याच्या बेटावर राहणाऱ्या कुटुंबांना आजही दवाखाना, बाजार, कॉलेज यासाठी बोटीनेच ये-जा करावी लागते. नौकाविहार करणाऱ्यांना ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण त्यांना नांगर टाकता येत नाही याची निम्मी कारणे आणि कोळ्यांच्या अडचणी एकच आहेत. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली, हा या पट्ट्यातला अलीकडचा दिलासा. त्याच वर्षी जूनमध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराला केंद्राची मंजुरी मिळाली. खर्च 76,220 कोटी रुपये. ते महाकाय कंटेनर जहाजांसाठी आहे आणि त्याला मच्छीमारांचा विरोध आहे.

अशी जोडपी मुळात इकडे येतात का?

येत होती. थायलंडहून श्रीलंका, भारत, ओमान आणि तांबड्या समुद्रातून युरोप हा त्यांचा एक नेहमीचा मार्ग. सोमाली चाचेगिरीने तो हादरला. ऑक्टोबर 2009 मध्ये सेशेल्सजवळ पॉल आणि रेचल चँडलर या ब्रिटिश जोडप्याला नौकेवरून पळवून नेण्यात आले, सुटका व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. स्कॉट आणि जीन ॲडम हे अमेरिकी जोडपे 2004 पासून ‘क्वेस्ट’ या नौकेवर राहत होते. फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि ओमानमधल्या सलालाहच्या दिशेने निघाले. सोबत दोन मित्र होते. वाटेत चाच्यांनी नौका ताब्यात घेतली आणि 22 फेब्रुवारीला चौघांचीही हत्या झाली. त्यांचा शेवटचा मुक्काम मुंबईचा ठरला. चाचेगिरी कमी झाल्यावर वाहतूक थोडी सावरली, तर 2023 च्या अखेरीपासून हुथींच्या हल्ल्यांनी तांबडा समुद्र पुन्हा धोक्याचा केला.

आणि जोडपे मराठीच असेल तर?

मग इमिग्रेशनचा प्रश्न नाही, पण नौकेची नोंदणी, विमा, नांगर टाकण्याची परवानगी आणि चिखल तेवढाच. वर किंमत : 22 सप्टेंबर 2025 पासून विहाराच्या नौकांवर 40 टक्के जीएसटी आहे. नौका ज्यांचे घर आहे त्यांनाही दर तोच.

कौशल्य मात्र इथे कमी नव्हते. जगाला एकट्याने, न थांबता पहिली प्रदक्षिणा घालणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईत बांधली गेली. ते तेव्हा नोकरीनिमित्त मुंबईत होते. 32 फुटांची ही सागवानी नौका इथल्या सुतारांनी वाकस आणि सामता अशा हातहत्यारांनी घडवली. 1968-69 मध्ये 312 दिवसांत ती परत फाल्मथला पोहोचली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे 2009 मध्ये मुंबईहूनच निघाले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली होती.

मग ही जोडपी थांबतात कुठे?

बहुतेक जण कोचीत. बोलगाटी बेटावर केरळ पर्यटन विकास महामंडळाची मरिना आहे. धक्क्याला बांधून राहता येते, पाणी-वीज मिळते, कागदपत्रे शहरातच होतात. मुंबईत गेटवेसमोर बोया आहेत, पण ती जागा उघडी आहे आणि पावसाळ्यापूर्वी नौका हलवाव्या लागतात.

म्हणजे आज एखाद्या लिव्हअबोर्ड जोडप्याला शूर्पारक बघायचेच असेल, तर मार्ग असा : नौका गेटवेसमोर बोयाला बांधायची, छोट्या होडीतून धक्क्यावर यायचे, चर्चगेटहून विरार लोकल पकडायची, नालासोपाऱ्याला उतरायचे आणि पश्चिमेकडून निर्मळची बस किंवा रिक्षा. कार्तिकात आले तर जत्राही मिळेल. फक्त सकाळी अकराच्या आत निघालेले बरे, परतीच्या गर्दीत समुद्राची सवय उपयोगी पडत नाही.