सातबारा, हायवे आणि आपण

मे 2025मधला तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. वाशिम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या बाजार समितीत अवकाळी पाऊस कोसळतोय, विकायला आणलेला भुईमूग पाण्याबरोबर वाहून चाललाय आणि एक तरुण शेतकरी तो दोन्ही हातांनी अडवतोय. पाऊस थांबत नाही, शेंगाही थांबत नाहीत. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्या तरुणाला थेट फोन केला आणि नुकसानभरपाईचा शब्द दिला. व्हिडिओखाली कुणी रडके चेहरे टाकले, कुणी हात जोडले. त्याच्याशी कुणाचं भांडण असणार?

पाच महिन्यांनी, 28 ऑक्टोबर 2025ला, विदर्भातले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वेशीवर आले आणि नागपूर-वर्धा हायवेवर बसले. पुढे बच्चू कडू होते, सोबत राजू शेट्टी, अजित नवले, वामनराव चटप. मागणी एकच, सातबारा कोरा करा. गाड्या तासन्‌तास अडकल्या आणि प्रतिक्रिया एकदम पालटल्या. ‘आमच्या टॅक्सचे पैसे’, ‘लोकांना वेठीला धरतात’, ‘हे खरे शेतकरी नाहीतच’. भुईमूग वाहून जाताना ज्याच्यासाठी जीव तुटला, तोच शेतकरी आता एअरपोर्टच्या वाटेत आडवा आला होता.

कॅन्टीनमध्ये या विषयावर दोन टेबलं लगेच होतात. मजा म्हणजे दोन्ही टेबलांवर बोलणाऱ्यांकडे मुद्दे असतात.

अडलेला रस्ता

रस्त्यात अडकलेल्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हायवेवर फक्त एसी गाड्या नसतात, एसटी असते, अँब्युलन्स असते, संत्र्याचा ट्रकही असतो. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दखल घेतली आणि रस्ता मोकळा करायला सांगितलं. शाहीनबागच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही ऑक्टोबर 2020मध्ये म्हटलंच होतं की आंदोलनाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही.

मग ‘शहाण्यासारखं’ आंदोलन कसं करतात? याचं उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे. मार्च 2018चा नाशिक-मुंबई लाँग मार्च. किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो आदिवासी शेतकरी सुमारे 180 किलोमीटर चालत आले. दहावीच्या पोरांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच तुडवला आणि 12 मार्चला पहाटे आझाद मैदान गाठलं. मुंबईकर पाणी आणि बिस्किटं घेऊन रस्त्यावर उतरले, कुणी चपला वाटल्या. खरोखर सुंदर दृश्य होतं ते. सरकारने लेखी आश्वासनं दिली, वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हणाले.

आणि मग? मार्च 2023मध्ये तीच माणसं दिंडोरीहून पुन्हा निघाली. मागण्याही बऱ्याचशा त्याच. यावेळी वाशिंदपर्यंत आली आणि तिथून परतली. (आपलं वाशिम नव्हे, शहापूरजवळचं वाशिंद.) म्हणजे शिस्तीने चाललात तर कौतुक मिळतं, पण कामासाठी पुन्हा चालावं लागतं. म्हणून ‘लाँग मार्चसारखं करा ना’ हा सल्ला देण्याआधी जरा थांबायला हवं.

हायवे अडवल्यावर काय झालं तेही बघा. कडूंनी जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं, जुलैमध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांच्या पापळहून पदयात्रा काढली. तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी बातमी उघडून वाचली? रस्ता अडल्यावर मात्र 30 ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली आणि कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026पर्यंत घेऊ, अशी तारीख मिळाली. रस्ता अडवणं मला पटत नाही. पण पायी चालण्याने तारीख मिळत नाही आणि जॅमने मिळते, हे त्या शेतकऱ्यांना कुणी शिकवलं, हा प्रश्न मला जॅमपेक्षा जास्त सतावतो.

माफी की मुक्ती?

दुसरं टेबल पैशांचं. कर्जमाफीने परतफेडीची सवय मोडते, असं 2017मध्ये स्टेट बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य बोलल्या होत्या, रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर ऊर्जित पटेलही बोलले होते. यावर ठरलेला टोला येतो, ‘मग उद्योगपतींचं काय?’ बँकांनी 2014-15 ते 2023-24 या दहा वर्षांत सुमारे 12.3 लाख कोटींची कर्जं राइट-ऑफ केली, ही संसदेत दिलेली माहिती. पण राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. खात्याच्या वहीतून रक्कम काढतात, वसुली कागदोपत्री चालूच राहते. किती वसूल होतं, तो वेगळा वाद. तरी एकाचं कर्ज ‘तांत्रिक बाब’ आणि दुसऱ्याचं ‘फुकटेगिरी’, ही भाषा शेतकऱ्याच्या पोराला टोचते. टोचणारच.

यातली गंमत अशी की कर्जमाफीवर सगळ्यात तिखट बोलणारी परंपरा शेतकरी चळवळीतलीच आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रसंघाशी संलग्न संस्थेतली नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. त्या काळातलं हे करिअर ब्रेक म्हणजे घरच्यांना हार्ट अ‍ॅटॅकच! हिशेब लिहून पाहिल्यावर त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की शेती तोट्यात जात नाही, ती धोरणाने तोट्यात ठेवली जाते. ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही मांडणी त्यांचीच आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणाही त्यांच्याच संघटनेची. ‘माफी’ हा शब्दच त्यांना नको होता. माफी गुन्हेगाराला देतात, आम्हाला ‘कर्जमुक्ती’ हवी.

दिल्लीच्या सीमेवर नोव्हेंबर 2020 ते डिसेंबर 2021 असं वर्षभर आंदोलन चाललं, तेव्हा महाराष्ट्रातले शेतकरी दोन्ही बाजूंना होते. किसान सभेचा जत्था नाशिकहून दिल्लीला गेला, तर शेतकरी संघटनेचे अनिल घनवट सुप्रीम कोर्टाच्या समितीत बसून त्याच कायद्यांच्या बाजूने अहवाल लिहीत होते. तेव्हा ‘शेतकऱ्यांना काय हवंय?’ असं कुणी विचारलं तर आधी विचारा, कोणत्या शेतकऱ्यांना?

वाशिमचं गणित

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998ला अकोल्यातून वेगळा झाला. बरोबर आठ वर्षांनी, 1 जुलै 2006ला, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत वाशिम होतं. 2018मध्ये देशातल्या मागास, म्हणजे सरकारी भाषेत ‘आकांक्षित’, जिल्ह्यांची यादी आली. त्यातही वाशिम होतं. आता समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगाववरून सुसाट जातो. रस्ता आला, समृद्धीची वाट बघणं सुरू आहे.

इथलं मुख्य पीक सोयाबीन. 2025-26साठी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, बाजारात मात्र त्याहून बराच कमी दर. समजा पाच एकर शेत, एकरी पाच क्विंटल उत्पन्न आणि क्विंटलमागे हजाराचा फटका. झाले 25 हजार. आपल्याला ही एका बऱ्या फोनची किंमत, तिकडे पुढच्या हंगामाचं बियाणं-खत.

कर्जमाफीतून कोण सुटतं, हा आणखी एक वळसा. 2008च्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी होती, त्यावर सवलत फक्त 25 टक्क्यांची. ओलिताखालच्या भागात दोन हेक्टर म्हणजे चांगली बागायत. वऱ्हाडात तीन हेक्टर कोरडवाहूवालाही कफल्लक असू शकतो, पण कागदावर तो ‘मोठा शेतकरी’ ठरला. 2017मध्ये दीड लाखाची मर्यादा आली, 2019मध्ये दोन लाखांची. सावकाराचं कर्ज मात्र या तिन्ही योजनांच्या बाहेरच राहिलं.

आणि तुमच्यापैकी जे वाशिम, रिसोड, मंगरूळपीरहून येऊन हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी करतात, ते यात प्रेक्षक नाहीतच. बाबांच्या पीककर्जाचा भरणा तुमच्याच सॅलरी अकाउंटमधून होतो. राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य. वर्षाच्या अखेरीस घरून फोन येतो, ‘भरू का थांबू? माफी होणार म्हणतात.’ भरलं आणि नंतर माफी आली, तर शेजारी सुटतो आणि आपल्या हातात ‘प्रोत्साहनपर’ रक्कम, तीही आली तर. थांबलो आणि माफी लांबली, तर बाबा थकबाकीदार. शून्य टक्के गेलं, नवीन कर्जही अडलं, खरिपाला सावकार. आंदोलन योग्य की अयोग्य यावर कॅन्टीनमध्ये दोन टेबलं भांडत असतात आणि तिसऱ्या टेबलावरचा एकजण बँकेचं अ‍ॅप उघडून नुसताच बघत बसलेला असतो.