परदेशी शिक्षण, 'पी.आर.' आणि कर्जाचा हिशेब

मुलाला कॅनडात दोन वर्षे शिकवू, नोकरी लागेल, पी.आर. मिळेल आणि कर्ज फिटेल, असे गणित धाराशिव, उमरगा वा कळंबच्या ज्या पालकाने मांडले असेल, त्याने ते पुन्हा तपासावे. शिक्षणाचा परवाना, शिक्षणानंतर जास्तीत जास्त तीन वर्षांचा कामाचा परवाना आणि कायम वास्तव्याचा परवाना म्हणजे पी.आर., हे तीन वेगळे कागद आहेत. पहिला मिळाला म्हणून तिसरा मिळेलच, असे नाही. एजंटकडे मात्र तिन्ही एकाच दमात सांगितले जातात!

१ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षण परवान्याचा अर्ज करणाऱ्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना ठरावीक विषयांनाच पुढे कामाचा परवाना मिळतो. पदवी व पदव्युत्तर पदवीला ही अट नाही. फी कमी म्हणून डिप्लोमा निवडणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

पी.आर. गुणांवर ठरते. वय, शिक्षण, भाषा व अनुभव यांचे एकूण ६०० गुण असतात. कॅनडात काम केलेल्यांसाठी २०२५ मध्ये झालेल्या फेऱ्यांत ५०० हून अधिक गुण लागले. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले गेले. त्या वर्षासाठी आधी ठरवलेली पाच लाख पी.आर.ची संख्याही ३ लाख ९५ हजारांवर आणली गेली. दार बंद नाही, पण अरुंद झाले आहे.

आता कर्ज पाहू. समजा २० लाख रुपये ११ टक्क्यांनी सुरुवातीलाच उचलले. शिक्षणाची दोन वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष धरता सरळव्याजच ६ लाख ६० हजार होते. पुढे दहा वर्षे दरमहा सुमारे साडेछत्तीस हजारांचा हप्ता. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना शिक्षणकाळातील व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद आहे. साडेसात लाखांवरील कर्जाला बँका सहसा तारण मागतात, म्हणजे राहते घर वा प्लॉट गुंततो.

आखातात जाणारा परतीचा हिशेब धरूनच निघतो. विद्यार्थ्यानेही तसेच करावे. पी.आर. मिळाली नाही आणि पुण्यात नोकरी धरावी लागली, तर त्या पगारात हा हप्ता बसतो काय? बसत नसेल तर कर्जाची रक्कम कमी करावी किंवा कोर्स बदलावा. निवडलेला विषय कामाच्या परवान्याच्या यादीत आहे काय, हे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः पाहून मगच एजंटला पैसे द्यावेत.