दोष दगडाचा की बांधणीच्या रीतीचा? ग्रामीण महाविद्यालयाच्या वर्गखोल्यांविषयी

लातूर भागात महाविद्यालयाची नवी इमारत म्हटली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "दगड नको." यामागे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आहे. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक जाड दगडी भिंती आणि मातीच्या जड माळवदाखाली.

पण जरा विचार करू या. घडा कसा होतो हे सांगताना आपली दर्शनं माती हे उपादान कारण आणि कुंभार हे निमित्त कारण, असा भेद करतात. किल्लारीच्या भिंतींना आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते, मधे चिपा नि माती. दोन्ही पदर सांधणारा आरपार दगडच नव्हता. जमीन हलली, पदर फुटून निराळे झाले आणि माळवद खाली आलं. दोष रीतीचा होता, शिक्षा मात्र दगडाला झाली. पुढे जुनी घरं बळकट करताना भिंतीत आरपार भोकं पाडून सळई-काँक्रीटचे सांधे भरले, ते याचसाठी.

एका महाविद्यालयाच्या इमारत समितीवर आम्हीही होतो. पातळ भिंती, उघडा स्लॅब, पश्चिमेला खिडक्या, असा नकाशा आम्ही मंजूर केला. ती इमारत भक्कम आहे. पण एप्रिलच्या दुपारी पोरं वह्या घेऊन लिंबाखाली बसतात. आम्ही भीतीचं ऐकलं, शिकणाऱ्याचं ऐकलं नाही.

मग वर्ग कसा हवा? इमारत पूर्व-पश्चिम लांब, खिडक्या उत्तर-दक्षिणेला. पश्चिमेला जिना नि सामानाची खोली. मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य लातूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे खरा ताप छपरातून येतो. तेव्हा छप्पर हलकं, त्याखाली हवा खेळेल इतकी पोकळी सोडून दुसरं छत. भिंत दगडाची चालेल, पण सिमेंटमध्ये बांधलेली, ठरावीक अंतरावर आरपार दगड आणि जोत्याशी, खिडकीमाथ्याशी, छपराखाली काँक्रीटचे सलग पट्टे हवेत.

आणि पाणी. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ५०० चौरस मीटरच्या छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेतीन लाख लिटर होतात. त्यातलं काही वाया गेलं तरी उरतं ते थोडं नाही.

शेवटी एकच विनंती. तुमच्या इमारत समितीची बैठक मे महिन्यात, दुपारी दोनला, जुन्या वर्गात पंखे बंद करून घ्या. नकाशा त्यानंतर काढा.